मदत हवी आहे: मांसासाठी गुरं पाळणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांना दोन दिवसांत नेमकं काय शिकवायचं?

उंबरठा (धागाकर्ता)
नमस्कार. थेट मुद्द्यावर येतो. १८ शेतकऱ्यांचा गट आहे, प्रत्येकाकडे मांसासाठीची ४ ते १५ गुरं. जनावरं विकत घेणारी कंपनी प्रशिक्षणाचा खर्च उचलतेय. मागच्या वेळी पहिल्या दिवशी १८ आले, दुसऱ्या दिवशी ७. स्लाइड्स चांगल्या होत्या, जेवण होतं, तरी. पुढच्या आठवड्यात परत घ्यायचंय. कुणाकडे तयार अभ्यासक्रम असेल तर टाका. 'अवलंबून आहे' छापाची उत्तरं नकोत, वेळ नाही.

कासरा
अवलंबून आहे.
चिडू नका. हे लोक गाई ठेवून वासरं विकतात की वासरं आणून वाढवतात? हे दोन वेगळे धंदे आहेत. पहिल्यात सगळा हिशोब गाय वेळेत परत गाभण राहण्यावर. गाभणकाळ सुमारे २८३ दिवस, म्हणजे वर्षाला एक वासरू हवं असेल तर व्यायल्यावर जेमतेम ८२ दिवस हातात उरतात. दुसऱ्यात हिशोब रोजच्या वाढीवर आणि खुराकावर. दोन्ही एकाच वर्गात कोंबलंत तर अर्धा वर्ग जांभया देणार.

दूधगंगा
एवढा खटाटोप करण्यापेक्षा दुधाकडे वळवा त्यांना. रोज हातात पैसे.

कासरा
दूधगंगा, प्रश्न तो नाहीये.

उंबरठा
वासरं आणून वाढवतात. ८-१० महिन्यांची घेतात, वर्षभराने विकतात. हे लिहिलं नव्हतं का? बरं. आता अभ्यासक्रम?

पाणवठा
आधी एक सांगा दादा, त्या जनावरांना रोज चारा-पाणी कोण करतं? आणि वर्गाला कोण आलं होतं? बऱ्याच घरांत वर्गाला जाणारा एक आणि दावणीला हात लावणारं दुसरंच कुणी असतं. मग 'खुराक हळूहळू वाढवा' हे वाक्य ज्याच्या कानावर पडतं, त्याच्या हातात घमेलं कधीच नसतं. शिवाय दोन सलग पूर्ण दिवस जनावरं सोडून येणं कुणालाच जमत नाही. तुमचे ११ जण कंटाळून गेले असतील असं नाही, संध्याकाळची वैरण टाकायला गेले असतील.

उंबरठा
बहुतेक घरातले कर्ते पुरुष आले होते. चारा बायका आणि मुलं बघतात. हा विचार केला नव्हता.

माळरान
शेतीशाळा पद्धत वापरा. १९८९ साली इंडोनेशियात भाताच्या किडींसाठी सुरू झाली, नंतर जनावरांसाठीही वापरली गेली. दर १५ दिवसांनी अर्धा दिवस, कुणाच्या तरी गोठ्यातच. स्लाइड नाही. गट एका जनावराकडे बघतो, मोजतो, ठरवतो, पुढच्या वेळी त्याच जनावराचं काय झालं ते तपासतो. दोन दिवसांत कुणी काही शिकत नाही.

अर्धाशहाणा
माळरान, पद्धत चांगली आहे, पण त्यांना पुढच्या आठवड्यात वर्ग घ्यायचाय आणि तुम्ही वर्षभराचा कार्यक्रम देताय.

माळरान
दोन दिवसांचे चार अर्धे दिवस करा आणि मधे दोन-दोन आठवडे ठेवा. खर्च तेवढाच. कंपनीला विचारायला काय जातंय?

ठोकताळा
विषय मी सांगतो. पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा: वजन. अंदाजाने विकणारा माणूस खरेदीदारासमोर आंधळा असतो. मोजपट्टी पुरते. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, पुढच्या पायांच्या लगेच मागे. लांबी खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीच्या मुळाजवळच्या टोकदार हाडापर्यंत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०८४०. उत्तर किलोत. घेर १५० आणि लांबी १३० असेल तर साधारण २७० किलो. झालं. काटा हवाच कशाला?

रवंथ
ठोकताळा, तुमच्याच उदाहरणात घेर १५० ऐवजी १५२ मोजा. वजन २७७ येतं. दोन सेंटिमीटरला ७ किलो. जनावराने मान खाली घातली, एक पाय पुढे टाकला, पट्टी एकाने आवळली आणि दुसऱ्याने सैल धरली की दोन सेंटिमीटर सहज इकडचे तिकडे होतात. रोज ६०० ग्रॅम वाढणारं जनावर २८ दिवसांत १७ किलो वाढतं. म्हणजे महिन्याची वाढ पट्टीच्या चुकीतच गडप. पट्टी औषधाचा डोस आणि खुराक ठरवायला उत्तम, वाढ मोजायला नाही.

ठोकताळा
एकच माणूस, एकच पट्टी, जनावर चारही पायांवर सरळ, मान सरळ, तीनदा मोजून मधला आकडा घ्यायचा. एवढं केलं तर चालतं. आणि सगळ्यांना काटा कुठून आणणार?

रवंथ
सगळ्यांना नको, १८ जणांत एक. वजन मोजणाऱ्या दोन दांड्या, वर फळ्यांचा मंच, आकडा दाखवणारा एक दर्शक. फिरता ठेवायचा. पण तोही चुकतो. मंच बाजूच्या लाकडांना घासला तर वजन कमी दाखवतो. खाली दगड किंवा चिखल अडकला तर तसंच. आणि प्रत्येक जनावर उतरल्यावर शून्य तपासायचं, कारण ते शेण टाकून जातं आणि पुढच्याच्या खात्यावर ते चढतं. सकाळी सुरुवातीला पाण्याने भरलेले २० लिटरचे डबे ठेवून बघा. एका डब्यात पाण्याचेच २० किलो, वर डब्याचं वजन.
आणि वजन नेहमी त्याच वेळी, सकाळी चारा-पाण्याआधी. जनावराने २० लिटर पाणी प्यायलं की ते २० किलोने 'वाढतं', त्यात मांस शून्य.

अर्धाशहाणा
म्हणजे दोघंही बरोबर. औषधाला पट्टी, वाढीला काटा. पुढे चला.

फिरता_पशुवैद्य
डोसाचा विषय निघालाच आहे म्हणून. कळपाचं सरासरी वजन धरून जंतनाशक देऊ नका. त्याने मोठ्या जनावरांना डोस कमी पडतो, आणि कमी डोसातून वाचलेले जंत पुढची पिढी वाढवतात. एकाच आकाराच्या गटात सर्वांत जड जनावराचं वजन धरा. गटात फारच तफावत असेल तर दोन गट करा. औषध लागू पडतंय का हे बघायचं असेल तर औषधाआधी १०-१५ जनावरांचं शेण तपासायला द्या, १४ दिवसांनी त्याच जनावरांचं परत. शेणातली जंतांची अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली असतील तर त्या औषधाविरुद्ध प्रतिकार तयार झाल्याचा संशय घ्यायचा. हे एका शेतकऱ्याला परवडत नाही, १८ जणांच्या गटाला परवडतं.
वासरं बाहेरून येतात म्हणता, मग फऱ्याची (मांड्या सुजून जनावर झटक्यात मरतं तो रोग) लस झाली होती का? पहिल्यांदाच देत असाल तर ४ ते ६ आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. तो सगळे विसरतात. सहा महिने ते दोन वर्षं हे वय सर्वांत धोक्याचं, आणि अंगाने भरलेलं, छान वाढणारं जनावरच आधी जातं.

हिरवाचारा
भुशावर युरिया प्रक्रिया शिकवा!! १०० किलो भुसा, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. थरावर थर शिंपडायचा, तुडवायचा, प्लास्टिकने हवाबंद, २१ दिवस. खर्च नगण्य.

फिरता_पशुवैद्य
शिकवा, पण पुढचंही शिकवा. युरिया पूर्ण विरघळवूनच शिंपडायचा, खडे राहिले तर विषबाधा. खायला घालण्याआधी काढून काही तास पसरायचा, वास उडू द्यायचा. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला अजिबात नाही. युरियाचं पोतं आणि मिठाचं पोतं शेजारी ठेवायचं नाही, मीठ समजून युरिया घातला जातो. ही चूक ऐकायला हास्यास्पद वाटते, गोठ्यात नाही.

उंबरठा
थांबा थांबा. एवढं सगळं दोन दिवसांत बसणार नाही. तक्रार वेगळी आहे: जनावरं वर्षभर सांभाळूनही वजन येत नाही आणि कंपनी भाव पाडते. शेवटच्या दोन महिन्यांत सगळे भरपूर धान्य घालतात तरी उपयोग नाही.

रवंथ
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं. भरपूर म्हणजे किती, आणि किती दिवसांत वाढवतात?

उंबरठा
किती ते नक्की माहीत नाही. विकायचं ठरलं की सुरू करतात. एकदम.

रवंथ
मग दोन दिवसांतला अर्धा दिवस यालाच द्या. धान्य एकदम वाढलं की पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, शेण पातळ, राखाडी, फेसाळ होतं, जनावर चारा सोडतं. ती सौम्य पायरी. पुढे पाय लंगडतात, जनावर बसतं. वाढ तर थांबतेच. शून्यावरून ठरलेल्या धान्यापर्यंत दोन ते तीन आठवडे घ्यायचे, दर ३-४ दिवसांनी थोडं थोडं. रोजचं धान्य दोन वेळांत विभागून, आधी सुका चारा, मग धान्य. पीठ करायचं नाही, भरडायचं.

एक नमुना फळ्यावर मांडून दाखवा. २५० किलोचं वाढतं जनावर कोरड्या वजनाने अंगाच्या सुमारे अडीच टक्के खातं, म्हणजे सव्वासहा किलो. हिरव्या चाऱ्यात ८० टक्के पाणीच. १० किलो हिरवा म्हणजे फक्त २ किलो कोरडा. अडीच किलो भुसा म्हणजे सव्वादोन किलो. उरलेल्या दोन किलोंसाठी सव्वादोन किलो खुराक. 'मी तर घमेलंभर घालतो' म्हणणाऱ्याकडून त्याचंच घमेलं मागवा आणि काट्यावर ठेवा. हिरव्या चाऱ्याचं एक, भुशाचं एक, धान्याचं एक. तीन आकडे ऐकून वर्ग जागा होतो.

अर्धाशहाणा
आणि पाणी. २५० किलोच्या जनावराला साधारण २०-२५ लिटर, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. पाणी कमी की चारा कमी. कुंडीत शेवाळ असेल तर खुराकाचं गणित शिकवून उपयोग नाही.

माळरान
खुराकाचा वर्ग कोण घेणार? कंपनीने खुराक विकणारा माणूस पाठवला तर शेवटच्या स्लाइडवर त्याचं पोतं असेल.

ठोकताळा
त्यात गैर काय? त्यांना माहिती असते. पैसे देणाऱ्याचं जरा ऐकावं लागतं.

माळरान
ऐका, पण वर्ग त्याच्या हातात देऊ नका. खुराक विकणारा 'धान्य कमी करा' कधी म्हणेल?

कासरा
उंबरठा, कंपनीकडून जेवण आणि हॉल मागण्याऐवजी एक कागद मागा. त्यांच्याकडे प्रत्येक जनावर कापल्यावर धडाचं (डोकं, कातडी, आतडी काढून उरलेल्याचं) वजन नोंदलं जातं, यकृत तपासलं जातं, मुकामार लागलेला भाग काढून टाकला जातो. ती माहिती कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकासकट तुमच्या शेतकऱ्यांना परत मिळते का? बहुतेक नाही. ती आणा. सगळ्या वर्गापेक्षा ती जास्त शिकवेल.

यकृतात गळवं निघाली तर रवंथ म्हणताहेत तेच: धान्य एकदम. यकृतकृमी निघाले तर दलदलीतलं चरणं आणि औषधाची वेळ तपासा. पाठीवर, मांडीवर मुकामार म्हणजे चढवताना काठी चालली, किंवा शिंगवाली एकत्र भरली. मागच्या मांडीत इंजेक्शनची गाठ म्हणजे इंजेक्शन चुकीच्या जागी. ते मानेतच द्यायचं. आणि जिवंत वजन व धडाचं वजन यांचा भागाकार समजला की भावावर वाद घालता येतो. पोट गच्च भरून नेलेल्या जनावराचा टक्का कमी दिसतो, मांस तेवढंच असतं.

पाणवठा
ही गोष्ट खरी कामाची. फक्त कानात बिल्ले हवेत, नाहीतर तो कागद कुणाचा हे कळणार नाही. आणि त्याच वहीत औषधाची ओळ: बिल्ला, औषध, तारीख, आणि पाकिटावरचा थांबण्याचा काळ मोजून 'या तारखेआधी विकू नये'. ही तारीख औषध देतानाच लिहायची, विकताना आठवायची नाही.

उंबरठा
कंपनीशी बोललो. चार अर्धे दिवस, दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने, मान्य. दुपारी १२ ते ३, म्हणजे दोन्ही वैरणींच्या मधे. प्रत्येक घरातून दोघं, त्यातलं एक चारा घालणारं. धडाचं वजन आणि यकृताचा शेरा द्यायला तयार आहेत, मुकामाराचं 'बघू' म्हणाले. काटा एक मिळेल. पहिल्या दिवशी घमेली आणि वजन. पण गोठ्यात खोडा (जनावर अडकवून धरायची चौकट) नाही. जनावर काट्यावर चढवायचं कसं? मागच्या वेळी एकाला लाथ बसली होती.

कासरा
खोडा नसेल तर दोन मजबूत कुंपणांची अरुंद गल्ली करा, जनावर वळू शकणार नाही एवढी, काटा तिच्या टोकाला, पुढे उघडं आणि उजेड. मागून ढकलू नका. जनावराच्या खांद्याच्या रेषेमागे उभं राहिलात तर ते पुढे जातं, रेषेपुढे आलात तर मागे सरकतं. जनावरांच्या वागणुकीच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन यांच्या लिखाणात हे सविस्तर आहे. काठी नको, ओरडणं नको. आणि थेट मागे, लाथेच्या टप्प्यात तर कुणीच नको.

रवंथ
आदल्या दिवशी दोन-तीन जनावरं त्या गल्लीतून रिकामी फिरवा, काट्याच्या फळीवर जरा भुसा पसरा. फळी पोकळ वाजली की जनावर थबकतं. आणि १८ जणांनी एकदम गल्लीभोवती गर्दी करू नये, सहा-सहाचे गट करा.

दूधगंगा
गल्लीचा मुद्दा दुभत्या गाईंनाही चालतो बरं का.

उंबरठा
गल्लीची रुंदी किती ठेवू?

कासरा
सर्वांत मोठं जनावर किती किलोचं?

उंबरठा
मोजलेलं नाही.

ठोकताळा
पट्टी घ्या.