थोरला कोकलॅं खरंच अष्टपैलू नट होता, की जन्मभर एकच नोकर वेगवेगळ्या कपड्यांत?

तिसरी घंटा:
मागच्या आठवड्यात नाटकवाल्यांच्या एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की ‘कोकलॅं म्हणजे विनोदी नोकर, बाकी सगळा गाजावाजा’, आणि ते डोक्यातून जाईना म्हणून हा धागा काढतोय. ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉन्स्तां कोकलॅं, १८४१ चा जन्म, बुलोन्यच्या एका बेकरीवाल्याचा मुलगा. थोरला म्हणायचं कारण धाकटा भाऊ अर्नेस्त पण नटच होता आणि फ्रान्समध्ये दोघांना थोरला कोकलॅं, धाकटा कोकलॅं असंच म्हणायचे. १८५९ ला पॅरिसला कॉन्झर्व्हातुआरमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी नाट्यशाळेत, रेन्ये या नटाच्या हाताखाली शिकायला गेला आणि ७ डिसेंबर १८६० ला कोमेदी फ्रान्सेजच्या, म्हणजे फ्रान्सच्या सरकारी नाटक कंपनीच्या, स्टेजवर उभा, मोलिएरच्या नाटकात ग्रो-रने नावाचा नोकर. पुढच्या वर्षी बोमार्शेचा फिगारो, तोही नोकर. १८६४ ला, म्हणजे २३ व्या वर्षी तो तिथला सोसिएतेर झाला, म्हणजे पगारी नट नाही, कंपनीच्या नफ्यात वाटा असलेला भागीदार. हे एवढ्या लहान वयात मिळणं साधी गोष्ट नव्हती.

आता माझं म्हणणं. पुढच्या २२ वर्षांत त्याने ४४ नव्या नाटकांत मुख्य कामं केली, जुनं मोलिएर वेगळंच. त्यात बांव्हीलच्या नाटकातला उपाशी कवी ग्रँग्वार आहे, द्युमा धाकट्याच्या नाटकातला उर्मट ड्यूक सेत्मों आहे, आणि त्यानंतर, ५६ व्या वर्षी, रोस्तांच्या नाटकातला मोठ्या नाकाचा तलवारबहाद्दर कवी सिरानो आहे. हा माणूस एकाच साच्याचा असता तर रोस्तांसारख्या २९ वर्षांच्या कवीने पाच अंकांचं एवढं मोठं पद्यनाटक त्याच्या खांद्यावर टाकलं असतं का? मला तो अष्टपैलू वाटतो आणि त्याने कोमेदी फ्रान्सेज सोडली हेही बरोबरच केलं असं वाटतं. बोला.

अनवट:
मी त्या ग्रुपवर नाही पण मत माझंही तेच आहे. कोमेदी फ्रान्सेजमध्ये प्रत्येक नटाचा एक ‘आंप्लुआ’ ठरलेला असायचा, आपल्या जुन्या मंडळ्यांत राजापार्टी, स्त्रीपार्टी असायची तसं. कोणी शोकांतिकेतला राजा, कोणी प्रेमवीर, कोणी भारदस्त बाप, कोणी नोकर. कोकलॅंचं वर वळलेलं नाक, भरलेला चेहरा आणि तो खणखणीत आवाज बघून त्याला नोकर दिला आणि तो त्यात अफाट होता, मास्कारीय, स्कापॅं, फिगारो, याबद्दल वादच नाही. पण सेत्मों घेतलास तरी तो ड्यूक म्हणजे समोरच्याला शब्दांनी टोचणारा माणूस, जिभेचा खेळ. ग्रँग्वार परत बोलघेवडा. सिरानो तर बोलघेवड्यांचा राजा. सगळीकडे तेच हत्यार, आवाजाची फेक आणि न अडखळता धावणारी लांबच लांब वाक्यं. त्याच कंपनीतल्या शोकांतिकांच्या नटाने, मूने-स्युलीने, ईडिपस करताना जे केलं ते कोकलॅंच्या आवाक्यातलं होतं का? नव्हतं. मग अष्टपैलू कसला, एका पैलूचा महान नट म्हण, मी लगेच सही करतो.

तिसरी घंटा:
पण ग्रँग्वार फक्त बोलघेवडा नाहीये ना! त्याला अकराव्या लुईसमोर, भूक लागलेली असताना, फाशी गेलेल्यांवरची कविता म्हणावी लागते आणि ती राजाविरुद्ध आहे हे त्याला माहितीये. भूक, भीती आणि कवीचा माज, तिन्ही एका वेळी. नोकराच्या भूमिकेत तुला हे कुठे सापडतं? आणि सिरानोचा पाचवा अंक वाच. १५ वर्षं झालीत, मठाच्या बागेत संध्याकाळ, पानं गळतायत, डोक्याला जखम झालेला सिरानो, ज्या रोक्सानवर त्याचं मूक प्रेम आहे तिला दुसऱ्याच्या नावाने आलेलं जुनं पत्र मोठ्याने वाचतोय आणि अंधार पडला तरी वाचतच राहतो, तेव्हा तिला कळतं की हे पत्र याला पाठ आहे, म्हणजे लिहिलंही यानेच. तिथे आवाज फेकून चालतच नाही, तिथे आवाज आवरावा लागतो.

रेवा१९:
मला मूळ प्रश्नच वेगळा वाटतो. अष्टपैलू म्हणजे काय धरायचं आपण? भूमिका वेगवेगळ्या की त्या प्रत्येक वेळी आतून वेगळा होणारा माणूस? कोकलॅंने स्वतः लिहिलंय की नटात दोन ‘मी’ असतात, एक बघणारा आणि एक वाजवलं जाणारं वाद्य, आणि बघणाऱ्याने ताबा कधी सोडायचा नाही. अठराव्या शतकातल्या दिदेरो या फ्रेंच लेखकाचीच लाईन, की नटाने रडवावं पण स्वतः रडू नये. आणि त्याच्यावर रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीने जे म्हटलंय ते मला पटतं. तो कोकलॅंला ‘सादरीकरणाच्या कलेचा’ नमुना मानतो, देखणी कला, पण दिपवून टाकते, आत जाऊन बसत नाही. मी स्वतः चार वर्षं प्रायोगिक करतेय आणि ज्या प्रयोगात मी पूर्ण ताब्यात असते त्या प्रयोगानंतर लोक ‘छान’ म्हणतात आणि घरी जातात. ज्या दिवशी काहीतरी सुटतं त्या दिवशी लोक विंगेत येऊन हात धरतात. हे मी कसं विसरू?

नेपथ्यवाला:
रेवा, तुझा अनुभव खराच असणार पण कोकलॅंचा एक किस्सा ऐक, त्यानेच सांगितलेला. ओजिएच्या एका नाटकात तो आनिबाल नावाचा भाडोत्री शिपाई करायचा, त्याला दारू चढते आणि तो स्टेजवरच झोपून घोरतो. एका रात्री कोकलॅं इतका दमलेला होता की त्याला तिथे खरंच झोप लागली आणि तो खराखुरा घोरला, आणि बघणाऱ्यांना ते घोरणं नेहमीच्या खोट्या घोरण्यापेक्षा कच्चं वाटलं! यात सगळं आलं. शेवटच्या रांगेपर्यंत जे पोचतं ते खरं, तुझ्या आत काय झालं ते नव्हे.

आणि १८८७ ला त्याने हे इंग्रजीत छापलं तेव्हा लंडनहून इंग्रज नट हेन्री आयर्व्हिंगने लेखातूनच उत्तर दिलं, की भावना अनुभवूनही नट सावध राहू शकतो, दोन्ही एकदम चालतं. म्हणजे आपला हा वाद जवळजवळ १४० वर्षं जुना आहे आणि तेव्हाही तो दोन कसलेल्या नटांमधलाच होता, बाहेरच्या टीकाकारांचा नाही.

रेवा१९:
झोप ही भावना नाहीये पण. झोपलेला माणूस काही अनुभवतच नसतो, मग तो पुरावा कसा होईल? आयर्व्हिंग म्हणतो तेच मी म्हणतेय, सुटणं म्हणजे भान जाणं नाही. आयर्व्हिंगच्या बाजूने मी.

नेपथ्यवाला:
हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. मान्य, झोपेचं उदाहरण रडण्याला लागू होत नाही. पण रोज रात्री तोच सिरानो, शेकडो प्रयोग, वर अमेरिकेचा दौरा, हे नुसतं ‘सुटण्यावर’ निभत नाही गं. अख्खं नाटक अडीच हजारांवर ओळींचं, बाराक्षरी चरण आणि यमकं, त्यातला मोठा वाटा एकट्याचा. घसा, श्वास, पाय सगळं मोजून वापरावं लागतं.

जुना प्रेक्षक:
तुम्ही सगळे अभिनयावर बोलताय, मला त्याच्या सोडून जाण्याबद्दल बोलायचंय कारण धाग्यात ‘बरोबरच केलं’ असं सहज लिहून टाकलंय. कोमेदी फ्रान्सेज १६८० पासून चालू आहे ती कशामुळे, तर नट भागीदार असतो, नफ्यात वाटा घेतो आणि त्या बदल्यात स्वतःचं नाव संस्थेच्या मागे ठेवतो. नेपोलियनने तर १८१२ ला मॉस्कोत बसून तिथल्या नियमांच्या हुकुमावर सही केली, इतकं ते गंभीरपणे घेतलं जायचं. त्या घराने बेकरीवाल्याच्या पोराला विशीत फिगारो दिला. आणि नाव झाल्यावर १८८६ ला हा बाहेर पडतो, युरोप-अमेरिका दौरे करतो, १८९० ला परत येतो, १८९२ ला पुन्हा जातो आणि मग पॅरिसमध्येच दुसऱ्या थिएटरात, प्रसिद्ध नटी सारा बर्नारच्या रनेसांस थिएटरात उभा राहतो. संस्थेने कोर्टात खेचलं यात नवल काय? मी ३० वर्षं एका हौशी संस्थेचा हिशेब सांभाळला. शिकवून तयार केलेला पोरगा ऐन स्पर्धेच्या तोंडावर निघून गेला की मागे राहिलेल्या दहा जणांचं काय होतं ते मी बघितलंय. त्यातल्या दोघांनी नंतर नाटकच सोडलं. म्हणून मला कोकलॅंच्या टाळ्यांपेक्षा मागे राहिलेले दिसतात.

तिसरी घंटा:
काका, तुमची तळमळ कळते आणि मागे राहिलेल्यांचा मी विचार केला नव्हता हे खरंय. पण १८९१ चं बघा. परत आल्यावर त्याने तिथेच सार्दूचं ‘तेर्मिदोर’ केलं. त्यातला लाब्युसिएर हा नट फ्रेंच क्रांतीच्या काळात सत्ताधारी समितीच्या कचेरीत कारकून म्हणून शिरतो आणि माणसांना गिलोटिनवर पाठवणारी कागदपत्रंच गायब करतो, कोमेदीतल्या नटांना वाचवणारा म्हणून त्याची कथा सांगतात. म्हणजे कोकलॅं त्याच घरातल्या लोकांना वाचवणाऱ्या नटाचं काम त्याच घरात करतोय. आणि काय झालं? क्रांतीचा पुढारी रोबेस्पिएर याची बदनामी होते म्हणून प्रेक्षकांत दंगा झाला आणि सरकारने सुरुवातीच्या एकदोन प्रयोगांतच नाटक बंद पाडलं. संसदेत क्लेमांसो या खासदाराने ‘क्रांती हा एकसंध ठोकळा आहे’ असं म्हटलं ते याच वादात. सरकारी थिएटर असल्याने संस्थेला काही करता आलं नाही. अशा ठिकाणी पन्नाशीच्या नटाने अजून किती वर्षं घालवायची? बाहेर पडला म्हणून १८९७ ला पोर्त सें-मार्तें थिएटर हातात घेता आलं आणि २८ डिसेंबरला सिरानो उभा राहिला. कोमेदीत राहिला असता तर सिरानोसारखी नायकाची भूमिका त्याच्या आंप्लुआबाहेरची म्हणून दुसऱ्याच कुणाला गेली असती.

जुना प्रेक्षक:
ते तुझं अनुमान आहे. सारा पण १८८० ला अशीच सोडून गेली आणि तिला एक लाख फ्रँकचा दंड झाला, म्हणजे नियम सगळ्यांना माहीत होते. सही करताना माहीत होते.

अनवट:
मला कोकलॅंच्या १९०० च्या फिल्मबद्दल बोलायचंय. पॅरिसच्या प्रदर्शनात फोनो-सिनेमा-थिएटर म्हणून दाखवायचे, चित्र वेगळं आणि आवाज मेणाच्या सिलिंडरवर. सिरानोचं द्वंद्व, लढता लढता कविता रचतो तो भाग, दोन मिनिटांचाही नाही. ते कालपासून दहा वेळा तरी बघितलं. आवाज घासलेला आहे, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी यमक कसं टेकवतो बघा, आणि तलवार त्याच तालात. हे मला आवडलं, खोटं कशाला बोलू. तरी मी म्हणेन की हा फिगारोच आहे, हातात तलवार आलेला.

रेवा१९:
मी पण बघितलं. मला चेहऱ्यापेक्षा त्याचे पाय जास्त दिसले. ५९ वर्षांचा माणूस असा हलतोय. त्यात मात्र काहीतरी सुटलेलं आहे असं मला वाटलं, ताबा वगैरे तो लिहितो खरा, पण त्या क्षणी मजा येतेय त्याला.

नेपथ्यवाला:
जुना प्रेक्षक काकांना एक सांगायचंय. मागे राहिलेल्यांचं त्याने काहीच केलं नाही असं नाही. पॅरिसच्या बाहेर पोंतोदाममध्ये म्हाताऱ्या, हातात काम नसलेल्या नटांसाठी घर काढलं, १९०५ ला सुरू झालं, त्यासाठी पैसे उभे केले. आणि २७ जानेवारी १९०९ ला तो वारला तो तिथेच. रोस्तांचं पुढचं नाटक ‘शांतक्लेर’, ज्यात नायक कोंबडा आहे, त्याची तयारी चालू होती. धाकटा भाऊ पण त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत गेला.

जुना प्रेक्षक:
पोंतोदामचं माहीत नव्हतं. करार मोडला हे माझं म्हणणं तसंच आहे, पण या घराबद्दल मनापासून नमस्कार. आपल्याकडे असं एक घर व्हावं म्हणून आमची पिढी नुसती बोलत राहिली.

तिसरी घंटा:
‘शांतक्लेर’ १९१० ला ल्युसिएं गित्रीने केलं. गित्री फार मोठा नट होता, पण तो शांत, दबक्या सुरात बोलणारा, आणि हा कोंबडा तर आपल्या आरवण्याने सूर्य उगवतो असं मानणारा. ती भूमिका लिहिली होती कोकलॅंच्या आवाजासाठी. तो ऐकायला मिळाला नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

अनवट:
त्या कोंबड्याबद्दल तुझ्याशी सहमत. नोकराबद्दल नाही.