हाय-गेन डिस्टॉर्शन पेडल कुठलं घेऊ? ड्रॉप सी, बजेट दहा हजार

डोंबिवलीचा_रिफवाला
मित्रांनो जरा मदत पाहिजे. बँड आहे आमचा, मेटल वाजवतो, ट्यूनिंग ड्रॉप सी, म्हणजे तारा नेहमीपेक्षा खाली उतरवलेल्या आणि सगळ्यात जाड तार सी सुरात. गिटार हंबकरवाली (दोन कॉइलचा, कमी गुणगुणणारा पिकअप), घरी पंधरा वॅटचा साधा सॉलिड स्टेट अँप, आणि प्रॅक्टिस ठाण्याला जॅमरूममध्ये, तिथे समोर येईल तो अँप. घरच्या अँपचं डिस्टॉर्शन अगदीच पाणचट आहे म्हणून पेडल घ्यायचंय, दहा हजारांच्या आसपास, सेकंड हँड पण चालेल. बॉसचं मेटल झोन बघितलं तर अर्धे लोक शिव्या घालतायत, अर्धे डोक्यावर घेतायत. रॅट आणि बॉसचंच एचएम-२ ही डिस्टॉर्शन पेडल्स पण डोक्यात आहेत. अजून एक म्हणजे घरी एकट्याने वाजवताना आवाज कसला जबरी येतो, पण बँडमध्ये ड्रम्स सुरू झाले की माझी गिटार गायब!! आणि गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचा जोर, वाढवला की खरखर एवढी की आई आतून ओरडते.

लालबाग_लाऊड
गायब होण्याचं आधी बघू, कारण नवीन पेडल आणलंस तरी ते तसंच राहील. तू बास (खालचे सूर) आणि ट्रेबल (वरचे) फुल आणि मिड (मधले) शून्यावर ठेवत असणार, बरोबर? घरी ते भारी वाटतं कारण शेजारी दुसरं कोणी वाजवत नसतं. बँडमध्ये खालची जागा बास गिटार आणि किक खाते, वरची सिंबल्स, मग गिटारला उरतं काय तर मिड आणि तेच तू काढून टाकलंयस.

मेटल झोनला शिव्या पडतात त्या पण ह्याच्यामुळेच. १९९१ पासून बाजारात आहे ते, आणि त्याचा ईक्यू, म्हणजे बास-मिड-ट्रेबल कमीजास्त करायची सोय, भयंकर ताकदवान आहे. मिडला दोन नॉब आहेत, एक किती आणि दुसरा कुठे, आणि तो कुठेवाला २०० हर्ट्झपासून ५ किलोहर्ट्झपर्यंत फिरतो. लोक कितीवाला नॉब शून्यावर नेतात आणि म्हणतात पेडल बकवास. तू मिडचा नॉब घड्याळातल्या बाराच्या जरा पुढे ठेव, फ्रिक्वेन्सी मधोमध, लो बाराच्या खाली, डिस्ट अर्ध्यापेक्षा कमी, मग सांग. आणि जॅमरूमच्या अँपला मागे इफेक्ट्स रिटर्न नावाचं सॉकेट असेल तर पेडल थेट त्यात लाव, म्हणजे अँपचा प्रीअँप (आवाज घडवणारा पहिला भाग) मधून कटाप आणि मेटल झोनच प्रीअँपचं काम करतं. तोच माणूस तेच पेडल, ओळखू येणार नाही.

मीरारोड_मेघा
लालबागशी सहमत, पण ड्रॉप सीला टाइट रिफ पाहिजे असतील तर मी रॅट एकटं घेणार नाही. आवाज मस्त आहे त्याचा पण खाली सैल पडतं, पाम म्यूट (तळहात तारांवर टेकवून वाजवलेले सूर) गढूळ होतात. घेतलंच तर त्याचा फिल्टर नॉब उलटा चालतो हे लक्षात ठेव, उजवीकडे नेलास की ट्रेबल कमी होतो. रॅटच्या आधी ट्यूब स्क्रीमर टाइपचं ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सौम्य डिस्टॉर्शनचं पेडल, लावायचं, ड्राइव्ह जवळजवळ शून्य, लेव्हल फुल. ते डिस्टॉर्शनसाठी नाही लावायचं, ते खालचा बास कापतं आणि मिड पुढे ढकलतं, मग पुढचं पेडल घट्ट वाजतं. स्वस्तातल्या कॉपी पण हे काम नीट करतात.

एचएम-२ म्हणजे एकाच आवाजाचं पेडल आहे बाबा. सगळे नॉब फुल केले की स्वीडिश डेथ मेटल, एन्टुम्ड वगैरे बँड. १९८३ ला आलं, १९९१ ला बंद झालं आणि मग जुन्याचे भाव कायच्या काय झाले, म्हणून बॉसने २०२१ ला वाझा क्राफ्ट या त्यांच्या खास मालिकेत परत काढलं. तो आवाज पाहिजे असेल तर दुसरं काही चालत नाही आणि नको असेल तर पैसे वाया.

तारा कुठल्या आहेत? दहाच्या सेटवर (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंच) ड्रॉप सी करत असशील तर आधी ते बदल, खालची जाड तार किमान ५२-५४ ची (०.०५२-०.०५४ इंच) पाहिजे.

धोबीतलाव_जुना_रॉकर
आमच्या वेळी, म्हणजे मुंबईत रंगभवनला इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक महोत्सव व्हायचा तेव्हा, निवड वगैरे नव्हतीच, कुणाचा तरी मामा गल्फमधून जे आणेल ते वाजवायचं. तुम्हाला चॉइस आहे तर दुकानात जाऊन वाजवून घ्या, धोबीतलावच्या जेर महालला फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात जा नाहीतर जवळ पडेल तिथे. फक्त स्वतःची गिटार ने आणि त्यांना सांग छोट्या अँपवर लावा, मोठ्या ट्यूब अँपवर सगळंच गोड लागतं.

खरखरीचं विचारायचंय, घरी पंख्याला गोल फिरणारा, स्टेप नसलेला रेग्युलेटर आहे का? तो वीज तोडून तोडून सोडतो आणि ती गुणगुण पिकअप पकडतो, हंबकर कमी पकडतो पण हाय-गेनमध्ये तेवढंही पुरतं. पंखा पूर्ण बंद करून बघ. टक टक आवाजाचा स्टेपवाला रेग्युलेटर तसा त्रास देत नाही. आणि नॉब फिरवताना येते ती खरखर वेगळी, पावसाळ्यात पॉट (नॉबच्या आतला भाग) आणि जॅक गंज धरतात, लॅमिंग्टन रोडवरून काँटॅक्ट क्लीनरचा कॅन आण.

डोंबिवलीचा_रिफवाला
दादा!! रेग्युलेटर बंद केला आणि निम्मी गुणगुण गेली, कमाल आहे 😂 तारा दहाच्याच आहेत मेघाताई, बदलतो. मेटल झोन सेकंड हँड + स्वस्त स्क्रीमर असं ठरवतोय. थेट कंप्युटरच्या ऑडिओ इंटरफेसमध्ये लावून रेकॉर्ड होईल ना?

लालबाग_लाऊड
होईल, पण नुसतं लावलंस तर मधमाश्यांचं पोळं ऐकू येईल. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं गिळून टाकतो, तो मधे नसला की सगळी चिरचिर तशीच्या तशी येते. सॉफ्टवेअरमध्ये कॅब सिम्युलेशन, म्हणजे स्पीकरची नक्कल, टाक, त्यासाठीच्या फाइली (आयआर) फुकट ढिगाने मिळतात.

मीरारोड_मेघा
उरलेल्या आवाजाला पुढेमागे नॉइज सप्रेसर (वाजवत नसताना खरखर बंद करणारं पेडल) घेशील तेव्हा बॉसच्या एनएस-२ सारखा लूपवाला घे. गिटार इनपुटला, सेंडमधून स्क्रीमर आणि मेटल झोन, तिथून रिटर्न, मग आउटपुट अँपला. म्हणजे तो तुझी साफ गिटार ऐकून दार बंद करतो आणि लांब सूर मधेच तुटत नाहीत. थ्रेशोल्ड, म्हणजे किती आवाजाखाली दार बंद व्हायचं ते, मात्र जॅमरूममध्येच लाव, घरचा तिथे चालणार नाही.