नाकात वेगळं, फुफ्फुसात वेगळं

कोरोनाविषाणूचा आजार "एकदा होऊन गेला की प्राणी सुटला", म्हणजे त्याला तो पुन्हा होत नाही, असं म्हटलं जातं. मला ते इतकं सरसकट मान्य नाही.

२०२० मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी ९ ऱ्हिसस माकडांना कोविडचा विषाणू दिला आणि ३५ दिवसांनी तोच पुन्हा दिला. दुसऱ्या खेपेला फुफ्फुसं धुऊन काढलेल्या पाण्यात विषाणूचं प्रमाण पहिल्यापेक्षा लाखाहून जास्त पटींनी घटलेलं सापडलं. नाकाच्या स्वॅबमध्ये मात्र घट साधारण ५० पटींची होती. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. शरीराने विषाणूला दारातच अडवलं नाही. आत आल्यावर झटपट आवरलं. म्हणजे प्राणी स्वतः आजारातून वाचतो, पण नाकावाटे थोडाफार विषाणू बाहेर टाकणं शक्य राहतं. दोन्ही एकच समजू नका.

मांजरांचा निकाल जास्त दिलासा देणारा. कोलोराडोतल्या प्रयोगात कोविडचा विषाणू दिलेल्या मांजरांनी पहिल्यांदा ५ दिवसांपर्यंत तो बाहेर टाकला, शेजारच्या मांजरांनाही दिला. २८ दिवसांनी संशोधकांनी विषाणू पुन्हा दिल्यावर मात्र त्यांनी तो बाहेर टाकलाच नाही. पण हा महिन्याभराचा हिशोब, वर्षाचा नव्हे! मांजरांच्या स्वतःच्या आतड्यातल्या कोरोनाविषाणूची लागण त्यांना पुन्हा पुन्हा होते, हे ज्यांच्या घरी चार-पाच मांजरं आहेत त्यांनी विसरू नये.

डुकरांचं उदाहरण तर विलक्षण. १९८४ मध्ये बेल्जियममध्ये श्वसनमार्गाचा एक सौम्य कोरोनाविषाणू सापडला. तो पसरला तसा पिल्लांना जुलाबाने मारणारा त्याचा जवळचा भाऊबंद युरोपात मागे हटला. सौम्य विषाणूच्या लागणीने मिळालेलं संरक्षण तिथेही अर्धवटच होतं, तरी कळपाला पुरलं.