मदत हवी आहे: पुढचे फॅन वेगाचे ऐकतात, रंगाचे नाही, मागच्याचे बरोबर उलटे

नमस्कार मंडळी,

सुटे भाग घेऊन पहिल्यांदाच स्वतः पीसी जोडला आहे. चालू झाला, विंडोज बसले, प्रोसेसरचे तापमानही आटोक्यात आहे. घोडे अडलेय ते कॅबिनेटच्या फॅनपाशी आणि त्यांच्या दिव्यांपाशी. या पीसीवर मला ध्वनिमुद्रण आणि संपादन करायचे आहे. माइक शेजारीच असतो, त्यामुळे फॅनची घरघर मला खरोखर नको आहे. दिव्यांचे थोडे दुय्यम, पण पैसे मोजून घेतलेत तर ते नीट चालावेत असे मनापासून वाटते.

जोडणी अशी आहे. कॅबिनेटसोबत पुढचे तीन फॅन बसवूनच आले, १२० मिमीचे. प्रत्येकातून दोन वायरी निघतात आणि त्या मदरबोर्डच्या पाठीमागच्या हबमध्ये (अनेक फॅन एकत्र जोडायच्या छोट्या पाटीत) आधीच खोचलेल्या होत्या. हबला वीज एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) साटा कनेक्टरमधून मिळते. हबमधून दोन वायरी बोर्डाकडे येतात. चार पिनांची सिस फॅन १ या हेडरला (बोर्डावरच्या पिनांच्या जागेला) लावली आहे, तीन पिनांची ५ व्होल्टच्या एआरजीबी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येणाऱ्या दिव्यांच्या) हेडरला. मागचा फॅन वेगळा घेतला आहे आणि तो हबवर नाही. त्याची फॅनची वायर तीन पिनांची आहे, ती सिस फॅन २ ला लावली. त्याच्या दिव्यांची वायर बोर्डावरच्या दुसऱ्या एआरजीबी हेडरला.

आता काय होतेय ते सांगतो. पुढचे तिन्ही फॅन तापमानाप्रमाणे हळू-जोरात फिरतात, कानाला कळते. पण बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) सिस फॅन १ चा वेग शून्य आरपीएम (मिनिटाला फेरे) दाखवतो. त्यांचे दिवे कायम इंद्रधनुष्यासारखे फिरत राहतात, बोर्डाच्या लायटिंग सॉफ्टवेअरमध्ये कुठलाही रंग निवडला तरी ढिम्म. मागच्या फॅनचे बरोबर उलटे आहे. दिवे सॉफ्टवेअरचे ताबडतोब ऐकतात, पण फॅन मात्र चालू केल्यापासून बंद करेपर्यंत पूर्ण वेगाने फिरतो. बायोसमधल्या आलेखात वेग खाली ओढला तरी फरक पडत नाही.

आणखी तीन गोष्टी. कॅबिनेटवरचे रीस्टार्टचे बटण दाबले की पीसी रीस्टार्ट होत नाही, पुढच्या दिव्यांची नक्षी बदलते. पीसी बंद केल्यावर पुढचे दिवे विझतात, मागचे चालूच राहतात. आणि पुढच्या तिघांतल्या मधल्या फॅनचे अर्धे कडे नीट पेटते, उरलेल्या अर्ध्यात भलतेच रंग येतात, मधूनच लुकलुकतात.

सगळे कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसवले. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकले. दुसरे कुठले लायटिंग सॉफ्टवेअर चालू नाही. बोर्डच सदोष आहे का, अशी धास्ती वाटतेय. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

बोर्ड परत करायची घाई नको. बहुतेक बोर्डांवर चार पिनांचे आरजीबी हेडरही असते. हबची दिव्यांची वायर तिथे लावून बघा, कदाचित आत्ताचे हेडरच मेलेले असेल.

प्रतिसाद २

धागाकर्त्यांनी वरची सूचना कृपया अमलात आणू नये. चार पिनांचे आरजीबी हेडर १२ व्होल्टचे असते आणि तुमचे फॅन ५ व्होल्टचे आहेत. १२ व्होल्ट मिळाले तर दिवे जळतात, सोबत हबही जाऊ शकतो. एआरजीबीच्या कनेक्टरमध्ये एक जागा बुजवलेली असते, त्यामुळे तो सहसा तिथे बसतच नाही. तरीही जोर लावून किंवा अडॅप्टर वापरून बसवणारे लोक आहेत, म्हणून तातडीने लिहितोय.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुम्ही लक्षणे इतकी नीट लिहिली आहेत की अर्धे उत्तर त्यातच आहे. एक गोष्ट मनाशी पक्की करा: फॅन आणि त्याचे दिवे एका चौकटीत राहतात, एवढाच त्यांचा संबंध. मोटर १२ व्होल्टवर चालते, दिवे ५ व्होल्टवर. वायरी वेगळ्या, आज्ञा देणारा वेगळा. त्यामुळे 'हा फॅन बिघडलाय' असा विचार न करता 'याची मोटर ऐकत नाही' आणि 'याचे दिवे ऐकत नाहीत' असे दोन स्वतंत्र प्रश्न धरा. मग पुढच्या-मागच्याचा उलटसुलटपणा गूढ राहत नाही.

मागच्या फॅनची मोटर आधी घेऊ, कारण तुमचा आवाजाचा त्रास तिथूनच येतोय. तीन पिनांच्या फॅनमध्ये एक ग्राउंड, एक १२ व्होल्ट आणि एक वेग मोजणारी वायर असते. चार पिनांच्या फॅनला चौथी, पीडब्ल्यूएमची वायर असते. चार पिनांच्या फॅनला १२ व्होल्ट सतत मिळतात आणि 'किती जोरात फिर' हे त्याला या चौथ्या वायरीवरून कळते. तुमच्या फॅनला ती वायरच नाही. हेडर पीडब्ल्यूएम मोडमध्ये असेल तर बोर्ड चौथ्या पिनवर आज्ञा देत बसतो आणि फॅनला दिसतात फक्त पूर्ण १२ व्होल्ट. बायोसमध्ये सिस फॅन २ चा मोड बदलून डीसी करा, काही बोर्डांवर त्याला व्होल्टेज मोड म्हणतात. मग बोर्ड व्होल्टेजच कमी-जास्त करेल. आलेख फार खाली नेऊ नका. खूप कमी व्होल्टेजवर डीसी फॅन सुरूच होत नाही. ४० टक्क्यांपासून सुरुवात करून हळूहळू उतरवा.

पुढच्यांचा शून्य आरपीएम हा बहुधा बिघाड नाहीच. बोर्डाकडे वेग कळवायला एकच वायर जाते, म्हणून हब एकाच फॅनचा वेग पुढे पाठवतो. सहसा ते पोर्ट १ असते, त्याला वेगळा रंग किंवा खूण असते. ते रिकामे आहे का बघा. असेल तर एक फॅन तिथे हलवा.

पुढच्या दिव्यांचे रहस्य तुमच्या रीस्टार्टच्या बटणात आहे. ते बटण बोर्डाऐवजी हबला जोडलेले आहे. बऱ्याच कॅबिनेटमध्ये असे मुद्दामच करतात. हबला दोन अवस्था असतात: स्वतःच्या साठवलेल्या नक्ष्या दाखवायच्या, किंवा बोर्डाकडून येणारा सिग्नल पुढे सोडायचा. तुमचा हब पहिल्या अवस्थेत आहे. बटण तीन ते पाच सेकंद दाबून धरा, सहसा तेवढ्यात तो बोर्डाच्या ताब्यात जातो. नेमका अवधी कॅबिनेटच्या पुस्तिकेत असेल. मागचे दिवे सॉफ्टवेअरचे ऐकतात, म्हणजे सॉफ्टवेअर ठीक आहे, त्याच्या मागे लागू नका.

बंद केल्यावर मागचे दिवे चालू राहतात, कारण त्यांना वीज बोर्डाकडून मिळते आणि पीसी बंद असला तरी एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत असतो. पुढच्यांची वीज साटामधून येते, ती बंद होताच तुटते. बायोसमध्ये ईआरपी (बंद पीसीचा वीजवापर कमी करणारी सोय) चालू करा, किंवा बंद अवस्थेतले दिवे घालवण्याची वेगळी सोय असेल तर ती वापरा. ईआरपीमुळे बंद पीसीवरून यूएसबीने फोन चार्ज करणे किंवा कीबोर्डने पीसी चालू करणे थांबू शकते, म्हणून वेगळी सोय असल्यास तीच बरी.

मधल्या फॅनचे मात्र मला खटकतेय. एआरजीबीत दिवे साखळीने जोडलेले असतात. प्रत्येक दिवा आलेल्या माहितीतून आपले २४ बिट काढून घेतो आणि उरलेली पुढच्याकडे सरकवतो. मध्येच एक बिघडला की त्याच्यापुढच्या सगळ्यांना चुकीची माहिती मिळते किंवा काहीच मिळत नाही. 'अर्धे नीट, अर्धे भलते' हे त्याचेच लक्षण. खात्रीसाठी मधल्या आणि वरच्या फॅनच्या दिव्यांच्या वायरी हबवर आपसात बदला. दोष मधल्याच फॅनवर राहिला तर फॅन सदोष. वरच्या फॅनवर गेला तर हबचे पोर्ट.

हे सगळे पीसी बंद करून, एसएमपीएसचे मागचे बटण बंद करून, मग. चालू पीसीत दिव्यांच्या वायरी काढू-घालू नका. साटाची वायर कमी पडली तर दुसऱ्या एसएमपीएसची मॉड्युलर वायर लावू नका. टोक बसले तरी आतली पिनांची रचना कंपनीगणिक वेगळी असते, आणि त्यात हार्ड डिस्कसुद्धा जळते.

प्रतिसाद १

दुरुस्तीबद्दल आभार. व्होल्टेजचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता.

धागाकर्ता

एवढे सविस्तर उत्तर मिळेल असे वाटले नव्हते, मनापासून धन्यवाद. सांगितले तसे सगळे केले.

सिस फॅन २ डीसीवर नेला आणि मागचा फॅन लगेच शांत झाला. हबचे पोर्ट १ रिकामेच होते, फॅन २, ३, ४ वर होते. एक हलवल्यावर बायोसमध्ये वेग दिसू लागला. रीस्टार्टचे बटण दाबून धरल्यावर पुढचे दिवे क्षणभर विझले आणि मागच्याच रंगात उजळले. बोर्डाच्या बायोसमध्ये बंद अवस्थेतल्या दिव्यांची वेगळी सोय सापडली, त्यामुळे ईआरपीला हात लावला नाही.

मधल्या फॅनचा दोष वायरी बदलल्यावरही त्याच्याकडेच राहिला. म्हणजे तो बदलूनच घ्यावा लागणार. तोवर तो तसाच चालू ठेवला तर चालेल ना? शिवाय एक नवी तक्रार: काहीही उघडले की पुढचे फॅन एकदम भर्र करून वर जातात आणि दोन क्षणांत खाली येतात. मुद्रणात हे स्थिर आवाजापेक्षा जास्त टोचते.

प्रतिसाद ३

भर्र होतेय कारण सिस फॅन १ प्रोसेसरच्या तापमानावर चालतोय. प्रोसेसरचे तापमान एखादा प्रोग्राम उघडला तरी क्षणात उसळते आणि उतरते. कॅबिनेटमधली हवा तेवढ्यात तापत नाही, त्यामुळे पुढच्या फॅननी त्यामागे धावण्यात काही अर्थ नाही. बायोसमध्ये त्या हेडरसाठी तापमानाचा स्रोत म्हणून मदरबोर्ड किंवा सिस्टिम निवडा. ते जमत नसेल तर वेग वाढण्यापूर्वी थांबण्याचा अवधी असतो, तो शक्य तितका वाढवा. आलेखाचा डावीकडचा भाग सपाट ठेवा, म्हणजे हलक्या कामात वेग बदलणारच नाही. प्रोसेसरच्या कूलरचा आलेख मात्र प्रोसेसरच्याच तापमानावर राहू द्या.

मधल्या फॅनची मोटर ठीक असेल तर खुशाल चालू ठेवा. हवेला दिव्यांशी देणेघेणे नाही. लुकलुक नको असेल तर त्याची फक्त दिव्यांची वायर हबमधून काढा. हबवर सहसा प्रत्येक पोर्टला तोच सिग्नल स्वतंत्र जातो, बाकीचे दोन पेटत राहतील.

बदलून घेण्याआधी त्या अर्ध्या कड्याची चित्रफीत काढा, सगळे दिवे एकाच पांढऱ्या रंगावर ठेवून. पांढऱ्यात लाल, हिरवा, निळा तिन्ही लागतात, त्यामुळे दोष लपत नाही. नवा आला की तो दिव्यांच्या वायरीसकट त्याच पोर्टवर लावून पुन्हा पांढरा रंग देऊन बघा, आणि मगच वायरी बांधून कॅबिनेटची बाजू बंद करा.