मदत हवी आहे : नवी एक्सपल्स २१० कच्च्या वाटांवर कशी चालते?

नमस्कार मंडळी. मी नाशिकचा असून हिरोची जुनी एक्सपल्स २०० ४व्ही ही मोटारसायकल वापरतो आणि आता २१० घेण्याच्या विचारात आहे. कागदावर बदल मोठे आहेत: तेलाने थंड होणाऱ्या इंजिनाच्या जागी पाण्याने थंड होणारे इंजिन, पाचाऐवजी सहा गिअर आणि पुढे १९० ऐवजी २१० मिलिमीटर खाली-वर होणारे सस्पेन्शन. मित्राच्या गाडीवर त्र्यंबक रस्त्याने थोडा फेरफटका मारला, तेव्हा डांबरावर ती जुनीपेक्षा कितीतरी निवांत धावते हे लगेच जाणवले. खड्डेही तिने सहज पचवले. परंतु माझे बरेचसे फिरणे हरसूल आणि पेठकडच्या वाटांवर होते, जिथे सुट्या दगडांचा चढ संपतो न संपतो तोच भातखाचरांजवळचा चिखल लागतो, आणि तिथे वेगापेक्षा पहिल्या-दुसऱ्या गिअरमधली संथ, न अडखळणारी ओढ महत्त्वाची असते.

अशा वाटांवर ज्यांनी दोन्ही गाड्या चालवल्या आहेत, त्यांनी कृपया सांगावे की कमी आरपीएमवर (इंजिन सावकाश फिरत असताना) नव्या इंजिनाची ओढ जुन्याइतकी पुरते का, की क्लच सतत अर्धा दाबून ठेवावा लागतो. पायदानांवर उभे राहून चालवताना वाढलेले वजन जाणवते का? रेडिएटरला जाळी बसवणे मला तरी अत्यावश्यक वाटते. ती नाशकात कोणी नीट बसवून देत असेल तर तेही कळवावे. मायलेजची चौकशी मुद्दामच करत नाही.