वाहन म्हणजे फक्त उंदीर नव्हे

गणपतीचं वाहन उंदीरच का, या चर्चेत कुणीतरी अर्थ सांगितला: उंदीर म्हणजे वासना आणि गणपती म्हणजे तिच्यावर स्वार झालेला विवेक. हा अर्थ मला मान्य आहे. पण चर्चा उंदरापाशीच थांबली, म्हणून थोडी भर घालतो.

गणेशपुराणात युगागणिक रूप बदलतं. कृतयुगात सिंहावरचा महोत्कट, त्रेतात मोरावरचा सहा हातांचा मयूरेश्वर, द्वापारात उंदरावरचा गजानन आणि कलियुगात घोड्यावरचा धूम्रकेतू. म्हणजे आपण घरोघरी बसवतो ते यांतलं एक रूप. मोरगावचा मयूरेश्वर सगळ्यांना ठाऊक असतो, पण मोरावरचा गणपती पुण्याच्या पेठेतही आहे, हे अनेक पुणेकरांच्या गावी नसतं.

सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती जरूर बघा. १७५४ मध्ये भीमगीरजी गोसावींनी या देवळाचं काम सुरू केलं. मूर्ती मोरावर बसलेली, तीन सोंडा आणि हात सहा. जवळून पाहिलं की तिन्ही सोंडा वेगळ्या दिसतात. दर्शनी भिंत काळ्या दगडाची, तिच्यावर साखळीने जखडलेला गेंडा कोरलाय. पुण्याच्या देवळावर गेंडा! तळघरात गोसावींची समाधी आहे, ते गुरुपौर्णिमेला उघडतात.

कसबा ते केसरीवाडा अशा मानाच्या पाच गणपतींपुढे रांगा लागतात, आणि इतकं देखणं देऊळ मात्र बाजूला पडतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. उत्सवाची गर्दी ओसरल्यावर सकाळच्या उजेडात जा, कोरीवकाम नीट दिसेल.