कानशील की शंखास्थी?

अनुवादिका : डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या घरच्यांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. 'शंखास्थीची आतली बाजू' असं लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'कानशिलाचं हाड' केलं. शंख म्हटल्यावर लोकांना कानातली गोगलगाईसारखी नळी आठवेल, असं त्यांचं म्हणणं. शिवाय त्या हाडावर आतून धमनीची लांब खूण असते. तिला खाच म्हणू की चर?

वैद्य : शंखास्थी सोडू नका. संस्कृतात कानशिलालाच शंख म्हणतात. सुश्रुताने जी १९ सद्यःप्राणहर मर्मं, म्हणजे मार लागला तर लगेच जीव घेणाऱ्या जागा, सांगितली, त्यांत दोन्ही बाजूंचे शंख आहेत.

कान-नाक-घसा : वैद्यबुवा, मर्म तुम्हाआम्हाला कळतं. अपघात विभागाबाहेर बसलेल्या बापाला नाही. कानशिलाशी कवटी पातळ असते. तिथे तडा गेला की आतल्या अंगाने जाणारी धमनी फाटू शकते आणि हाड व मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठतं. काही रुग्ण आधी चांगले बोलतात-चालतात आणि काही तासांनी गुंगीत जातात. त्या बापासाठी 'कानशील'च हवं.
पण कानशील म्हणजे अख्खं हाड नव्हे, हेही खरं. आत घुसलेला भाग दगडासारखा कठीण, ऐकण्याचं आणि तोलाचं यंत्र त्यातच. त्याच्या मेंदूकडच्या अंगाला एक भोक असतं, त्यातून चेहऱ्याची सातवी नस आणि ऐकण्या-तोलाची आठवी नस जाते.

सांगलीकर : दगडासारखा? मग कान अधिक शिला, कानशील! फोड झाली की.

वैद्य : ओढूनताणून आणलीत. आमच्याकडे 'कानसूल' म्हणतात, त्यात शिला कुठाय?

वऱ्हाडची मावशी : मास्तर कानसुलात हाणायचे तेव्हा आमची आई शाळेत जाऊन सांगून आली होती, मारायचं तर पाठीत मारा, तिथं नको. तिला शंखही माहीत नव्हता आणि अस्थीही.

कान-नाक-घसा : मावशी, आई बरोबर होत्या. मला 'कान वाहतो' या शब्दाचीही काळजी वाटते, फार साधा वाटतो तो. मधल्या कानाचं छप्पर म्हणजे याच हाडाचा पातळ पापुद्रा, वर लगेच मेंदू. जुना पू हाड खात तिथून वर चढू शकतो. वाहत्या कानात तेल ओतू नका, दाखवून घ्या.

कोकणातला : मूळ प्रश्न राहिला. 'पन्हळ' म्हणा. खाच कोरडी असते, पन्हळीतून काहीतरी जातं.

वैद्य : रक्त धमनीतून जातं, हाडातून नव्हे. धमनी त्यात नुसती टेकलेली असते. चरच बरा.

कोकणातला : चर खणावा लागतो. हा तर धमनीच्या दाबाने आपोआप पडलेला.

अनुवादिका : पन्हळ आवडली, ठेवते. हाडाचं मात्र अजून ठरत नाहीये. एकदा 'कानशिलाचं हाड, म्हणजे शंखास्थी' असं लिहून पुढे कानशीलच चालवलं तर?

वैद्य : मग शंखास्थी पहिल्याच पानावर मेली म्हणायची.

सांगलीकर : पण कानसूल आधीचं की कानशील?